मदत हवी आहे: स्टिरिओ टर्नटेबलवर मोनो एलपी मोनोतच कशा ऐकाव्यात?

फोंड्याची_तबकडी:
नमस्कार मंडळी. एचएमव्हीच्या ईसीएलपी क्रमांकाच्या, म्हणजे मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज), नाट्यपदांच्या एलपी स्टिरिओ मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजवर (सुईसोबत हलणाऱ्या चुंबकाने सिग्नल बनवणारा भाग) वाजवतो आहे. हेडफोनवर गाणं मधोमध येतं, पण खरखर आणि टिकटिक दोन्ही कानांकडे पसरते. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण नाही. टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटला वाय-केबल लावून दोन्ही चॅनेल एकत्र केले तर चालेल का? मोनो कार्ट्रिज सध्या घ्यायची नाही.

सुई_आणि_खाच:
आउटपुटला नुसती वाय-केबल नको. तिथला इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) फार कमी असतो. थेट जोडलं की दोन्ही बाजू एकमेकींनाच करंट पुरवत बसतात, आवाज फाटतो आणि आयसीवर (आतल्या चिपवर) ताण येतो. तिथेच जोडायचं असेल तर प्रत्येक चॅनेलच्या गरम (सिग्नलच्या) तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि रेझिस्टरांच्या पुढे तारा एकत्र करा.

त्यापेक्षा प्रीअ‍ॅम्पच्या आधी जोडा. मूव्हिंग मॅग्नेटच्या कॉइलचाच रेझिस्टन्स काही शे ओहम असतो, त्यामुळे रेझिस्टर लागत नाहीत. दोन वाय-केबल घ्या: एक दोन फिमेल–एक मेल, दुसरी एक फिमेल–दोन मेल. टर्नटेबलच्या दोन्ही पिना पहिलीत, पहिलीची पिन दुसरीत, दुसरीच्या दोन पिना प्रीअ‍ॅम्पच्या डाव्या-उजव्या इनपुटमध्ये. इनपुटचे ४७ किलोओहमचे दोन लोड समांतर येऊन २३.५ होतात, पण कॉइलही समांतर आल्याने इंडक्टन्स निम्मा होतो, म्हणून टोन बदलत नाही. अर्थिंगची वेगळी तार होती तिथेच राहू द्या.

फायदा का होतो? मोनोच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. स्टिरिओ सुई वर-खाली हालचालही वाचते, आणि त्यात संगीत नसतंच. असते ती धूळ, झीज आणि मोटरची घरघर. ही उभी हालचाल दोन चॅनेलांत उलट फेजमध्ये येते, बेरीज केली की कटते. दोन्ही भिंतींवरची एकमेकींशी संबंध नसलेली खरखरसुद्धा गाण्याच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने उतरते. आडवा चरा मात्र ऐकू येणारच.

म्हापशाचा_सोल्डर:
वरचं सगळं बरोबर. स्टिरिओ एलपीही वाजवत असाल तर दर वेळी केबल काढण्यापेक्षा टर्नटेबल आणि प्रीअ‍ॅम्पच्या मध्ये पत्र्याची छोटी डबी करा. आत दोन्ही चॅनेल सरळ आरपार, आणि दोन गरम तारांमध्ये एक साधा ऑन-ऑफ स्विच. ऑन म्हणजे मोनो, ऑफ म्हणजे स्टिरिओ. डबीचा पत्रा ग्राउंडला जोडा, नाहीतर हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, येईल. प्लास्टिकची डबी इथे कामाची नाही.

फोंड्याची_तबकडी:
देव बरें करूं! मोनोत गाणंच पातळ किंवा बोथट वाटलं तर काय तपासायचं?

सुई_आणि_खाच:
दोन वेगळी दुखणी. गाणं जवळजवळ गायब झालं तर एका चॅनेलच्या तारा उलट आहेत. हेडशेलमध्ये (कार्ट्रिज बसवतात त्या टोकाच्या भागात) पांढरी डावी गरम, निळी डावी ग्राउंड, लाल उजवी गरम, हिरवी उजवी ग्राउंड. फक्त वरचे सूर मंदावले तर अ‍ॅझिमथ चुकलाय, म्हणजे सुई एका बाजूला कललीय. समोरून पाहताना सुई तबकडीला काटकोनात हवी. बारीक जुळणीसाठी मोनो एलपी लावा, एकाच चॅनेलच्या दोन तारा मुद्दाम उलट करा आणि आवाज सर्वांत कमी होईल तिथे कार्ट्रिजचा कल पक्का करा. मग तारा परत सरळ.

आणि बाब, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात हेडशेलच्या पिना काळवंडतात. एक चॅनेल दबला असेल तर बेरीज करूनही उभी खरखर नीट कटत नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा.

म्हापशाचा_सोल्डर:
सुईबद्दलही सांगतो. जुन्या मोनो खाचेसाठी २५ मायक्रॉनची गोल सुई चांगली. स्टिरिओची गोल सुई सहसा १८ मायक्रॉनची असते आणि रुंद खाचेत जास्त खाली बसते. त्याच कार्ट्रिजला २५ची सुई मिळत असेल तर घ्या, पण ती स्टिरिओ एलपीवर टेकवू नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना यांतली एकही चालत नाही, त्यांना सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. मोनो स्विच मात्र तिथेही तितकाच उपयोगी.