बाबाले सेप्सिस सांगतलं, माणूस यातून निघते का?

वणीकडचा_पोट्टा:
बाबा आयसीयूत हायेत. शुगर जुनी. डवरणीच्या वेळेस पायात काटा घुसला, पाय सुजला, गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन देल्लं, ताप उतरला, मंग एकदम बरळाले लागले अन् लघवीच बंद, तसेच गाडीत टाकून आणलं. आता म्हनते सेप्सिस हाय, बीपी औषधावर धरून ठेवला, किडनीवर आलं. काका म्हनते दवाखान्यातच इन्फेक्शन लागलं, काट्यानं कोनाले एवढं होते का. डॉक्टरले विचारलं तं "आत्ताच काही सांगता येत नाही". काय समजाचं?

नाइट_ड्यूटी_सिस्टर:
काकांना सांगा, काट्यानं होतं, शुगरवाल्यांत तर हमखास बघते मी. दवाखान्यात पण लागतं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, व्हेंटिलेटर असलं की, पण यांची लघवी इथं यायच्या आधीच बंद होती ना, मग हे घरूनच सुरू झालेलं. यात नुसते जंतू नाही मारत, त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःचेच अवयव बंद पाडत जातं. आता खरं सांगू का, सलाईन पुरेसं देऊनही बीपीचं औषध लागतंय आणि लॅक्टेट (अवयवांना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) २ च्या वर आहे तर तो सेप्टिक शॉक, त्यात १०० तले ४० च्या वर जातात. लॅक्टेट कमी असेल तर चान्स बरा. म्हणून "कसे आहेत" असं मोघम विचारू नका, लॅक्टेट कालच्यापेक्षा उतरलं का, नॉरअ‍ॅडचा, म्हणजे त्या बीपीच्या औषधाचा, डोस वाढवताय का कमी करताय, लघवी किती होतेय, आणि पायातला पू सर्जननं काढला का, हे विचारा. शेवटचं आधी.

तूरवाला:
भाऊ आमच्या मायले स्क्रब टायफसवरून, म्हंजे बारीक किडा चावून येते त्या तापावरून, झालतं. २०१८ ले नागपूरकडं त्याची साथच होती. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, मंग एका पोरगेल्या डॉक्टरनं काखेत किडा चावल्याची काळी खपली पाह्यली अन् डॉक्सी नावाचं अँटिबायोटिक सुरू केलं. माय निघाली त्यातून. पन घरी आल्यावर लय दिवस उठता येत नोतं, नावं विसरे, रात्री दचकून उठे, हे कोनी सांगतलंच नोतं आमाले, आमाले वाटलं डोक्यावर परिनाम झाला. अन् राशन कार्ड घेऊन आरोग्यमित्राले आजच भेट, फुले योजनेत बसते का पाह्य, डिस्चार्जच्या दिवशी पळापळ करून काही होत नाही बाप्पा.

वणीकडचा_पोट्टा:
विचारलं ताई. लॅक्टेट ५ वरून ३ वर आलं म्हनते, औषध तेवढंच हाय. सर्जन म्हनते दोन बोटं काळी पडली, काढा लागन. काका सही करू देत नाही, म्हनते आधी बाबाले शुद्धीवर येऊ द्या, त्याईले विचारू.

नाइट_ड्यूटी_सिस्टर:
बोटं तशीच ठेवली तर शुद्धीवर यायची वाट कशाची पाहणार? मेलेल्या मासात रक्त जात नाही, अँटिबायोटिक कितीही भारी लावलं तरी तिथं पोचतच नाही, आणि तिथूनच परत रक्तात उतरत राहतं. काकांना घेऊन सर्जनसमोर बसा, पायाची पट्टी उघडून दाखवा म्हणा. आणि सही करा, आजच.