किट विमानाच्या चढाईची चाचणी: एकाच वेगाला दोन वेगळे आकडे का येत असावेत?

ओझरकर यांचा प्रश्न

नमस्कार. कोलोरॅडोतील लाँगमाँट येथे मी गेली सहा वर्षे खपून दोन आसनांचे एक धातूचे किट विमान बांधले असून सध्या त्याची पहिल्या टप्प्यातील चाचणी उड्डाणे चालू आहेत. इंजिन कॉन्टिनेन्टल ओ-२०० आहे आणि प्रोपेलर लाकडी, स्थिर पिचचा, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा आहे. ही जोडी प्रमाणित नसल्यामुळे मला २५ ऐवजी ४० तास पूर्ण करावयाचे आहेत. त्यांपैकी १९ झाले. टप्पा संपवताना लॉगबुकात जी नोंद करावी लागते, तीत व्हीएसओ (उतरण्याच्या स्थितीत पंखांची उचल तुटण्याचा वेग), व्हीएक्स (कमीत कमी अंतरात जास्तीत जास्त उंची देणारा वेग) आणि व्हीवाय (कमीत कमी वेळात जास्तीत जास्त उंची देणारा वेग) हे तीन वेग आणि ते कोणत्या वजनाला व कोणत्या गुरुत्वमध्याला मिळाले हे लिहावे लागते. पुष्कळ जण हे आकडे संकल्पकाच्या माहितीपत्रकातून जसेच्या तसे उतरवतात. मला ते करायचे नाही, कारण चाळीस तासांनंतर उजव्या आसनावर माझी पत्नी बसणार आहे आणि आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ५०५५ फुटांवर आहे.

मी वापरलेली पद्धत अशी. उजव्या आसनावर १४० पौंडांच्या वाळूच्या पिशव्या पट्ट्यांनी घट्ट बांधल्या. इंधन पूर्ण भरल्यावर एकूण वजन १२५० पौंड झाले. अल्टिमीटर (उंचीमापक) २९.९२ इंच या प्रमाण दाबावर लावून ७००० ते ८००० फूट हा पट्टा ठरवला. ६७०० फुटांवरच पूर्ण थ्रॉटल देऊन वेग स्थिर करायचा, काटा ७००० वर आला की मांडीला बांधलेले स्टॉपवॉच दाबायचे, ८००० वर पुन्हा दाबायचे, मग खाली येऊन उलट दिशेने तीच चढाई करायची. वारा पश्चिमेचा, सुमारे २० नॉट होता, म्हणून नियमाप्रमाणे वाऱ्याला काटकोनात, म्हणजे एकदा उत्तरेकडे आणि एकदा दक्षिणेकडे तोंड करून चढलो. बाहेरचे तापमान ७५०० फुटांवर १२ अंश सेल्सिअस होते.

७० नॉट वेगाला उत्तरेकडची चढाई १ मिनिट ३८ सेकंदांत झाली, तर दक्षिणेकडच्या चढाईला २ मिनिटे २६ सेकंद लागले. म्हणजे एकदा मिनिटाला ६१२ फूट आणि एकदा ४११ फूट. हवा इतकी शांत होती की गुडघ्यावरच्या वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहू शकत होतो. इतर वेगांचीही हीच गत आहे, त्यामुळे वेग आणि चढाईचा दर यांच्या आलेखावर वक्ररेषा न येता नुसते विखुरलेले ठिपके येतात. शिवाय माहितीपत्रकावरून काढलेल्या अंदाजापेक्षा सरासरीही कमीच दिसते. वेग मी दोन नॉटांच्या आत राखला होता. चूक माझ्या हातात आहे, उपकरणांत आहे, की विमानातच काही राहून गेले आहे?

निःशब्द यांचे उत्तर

आपली पद्धत चांगली आहे आणि आपल्या हातातही चूक दिसत नाही. दोन नॉटांच्या चुकीने मिनिटाला दोनशे फुटांचा फरक पडू शकत नाही, कारण व्हीवायच्या आसपास वक्ररेषा जवळजवळ सपाट असते. माझा संशय हवेवर आहे, आणि हवा शांत होती असे आपण लिहिले आहे म्हणूनच तो अधिक बळावतो.

मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये उडायला शिकलो. तिथे वर जाणारी हवा म्हणजे उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणारे थर्मल, आणि ते आसनाखाली धक्का देऊन आपली वर्दी देते. त्यामुळे हवा हलली नाही म्हणजे ती स्थिर आहे, अशी समजूत माझ्याही मनात पक्की बसली होती. पुढे बोल्डरहून ग्लायडर उडवू लागलो तेव्हा ती समजूत मोडली. रॉकी पर्वताच्या मुख्य रांगेवरून पश्चिमेचा वारा ओलांडून आला की पूर्वेच्या मैदानावर हवेच्या लाटा उभ्या राहतात. लाटेतली हवा काचेसारखी गुळगुळीत असते. पेन्सिल हलत नाही, पंख थरथरत नाही, आणि तरीही विमान मिनिटाला शंभर ते पाचशे फूट वर किंवा खाली वाहून नेले जात असते. आपल्या चाचणीच्या दिवशी पर्वतावर भिंगाच्या आकाराचे, जागचे न हलणारे ढग दिसत होते का, ते आठवून पाहावे. दिसले नसले तरी लाट नव्हती असे म्हणता येत नाही, कारण हवा कोरडी असली तर ढग होतच नाहीत.

आता आपले आकडे पाहू. दोन चढायांत २०१ फुटांचा फरक आहे. एका वेळी हवा मिनिटाला १०० फूट वर आणि दुसऱ्या वेळी १०० फूट खाली जात असेल, तर एवढा फरक पडतो. मिनिटाला १०० फूट म्हणजे जेमतेम एक नॉट. एवढ्या मंद हालचालीने आपली सकाळ वाया गेली असावी.

वाऱ्याला काटकोनात चढण्याचा नियमही इथे नीट समजून घ्यायला हवा. तो नियम लाटेसाठी नाही, तर उंचीबरोबर बदलणाऱ्या वाऱ्यासाठी आहे. समोरचा वारा वर जाताना वाढत असेल, तर वेग स्थिर राखणाऱ्या विमानाला फुकटची चढाई मिळते. ८० नॉट खऱ्या वेगाने उडताना हजार फुटांत वारा १० नॉटांनी वाढला, तर हा लाभ सुमारे सात टक्के भरतो, आणि पाठीमागून वारा असेल तर तेवढाच तोटा होतो. काटकोनात उडाल्यावर ही अडचण टळते. परंतु पर्वतरांग उत्तर-दक्षिण असल्यामुळे लाटांचे पट्टेही उत्तर-दक्षिणच पसरतात आणि काटकोनात उडणारे विमान अख्खी चढाई एकाच पट्ट्यात करते. मग खाली उतरून, वळून पुन्हा चढायला लागेपर्यंत ते वाऱ्याबरोबर काही किलोमीटर पूर्वेला सरकलेले असते आणि दुसरी चढाई खाली जाणाऱ्या पट्ट्यात सापडू शकते. म्हणून उलटसुलट दिशांची सरासरी काढल्याने इथे चूक नाहीशी होईलच असे नाही.

हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. चाचणीच्या उंचीवर सपाट उड्डाणात मिनिटाला २३०० फेऱ्यांवर इंजिन लावावे आणि पाच मिनिटे थ्रॉटलला हात न लावता केवळ उंची राखावी. हवा खरोखर स्थिर असेल तर वेग जागचा हलणार नाही. तो हळूहळू चार-पाच नॉटांनी वाढत आणि घटत असेल, तर स्टॉपवॉच खिशात ठेवून परत यावे. त्या दिवशी काढलेला कोणताही आकडा विमानाचा नसतो.

एक सूचना राहिली. सरासरी काढताना वेळांची काढू नये, दरांची काढावी. आपल्या दोन वेळांची सरासरी १२२ सेकंद येते आणि त्यावरून ४९२ फूट मिळतात, तर दरांची सरासरी ५११ फूट आहे. वेळांची सरासरी काढली की संथ चढाईला अधिक वजन मिळते.

पाना_पेचकस यांचे उत्तर

निःशब्द यांच्याशी मी सहमत आहे. सरासरी कमी का, या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो.

अल्टिमीटर दाबाचे फूट मोजतो, खरे फूट मोजत नाही. ७५०० फुटांवर प्रमाण तापमान शून्य अंश असते आणि आपल्याकडे १२ होते. केल्विनमध्ये २८५ भागिले २७३ केले की १.०४४ येतात. या संख्येने गुणल्यावर आपले ५११ फूट सुमारे ५३४ खरे फूट होतात. म्हणजे विमान आपण समजता त्याहून थोडे बरे चढते आहे, पण ते ज्या विरळ हवेत चढते आहे तिची घनता-उंची (प्रमाण हवेत तेवढीच घनता ज्या उंचीवर असते ती) सुमारे ८९०० फूट आहे. हा आकडा आपल्या फार कामाचा आहे. जुलैतील दुपारी लाँगमाँटच्या धावपट्टीवर ३२ अंश तापमान असले की तिथली घनता-उंची सुमारे ८३०० फूट होते. तेव्हा नोव्हेंबरात आपण जी चढाई मोजलीत, ती उन्हाळ्यात पत्नीसह उड्डाण केल्यावर चाके सुटल्यानंतर मिळणाऱ्या चढाईच्या अगदी जवळची आहे.

चढाई ही शिल्लक शक्तीवर होते. मिनिटाला ५३४ फूट गुणिले १२५० पौंड, भागिले ३३०००, म्हणजे साधारण २० अश्वशक्ती. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनातली एवढीच शिल्लक आहे, आणि म्हणून तिच्यात कुठूनही दोन अश्वशक्ती गळाल्या तरी चढाई दहा टक्क्यांनी घसरते. ओ-२०० शंभर अश्वशक्ती देते ते २७५० फेऱ्यांना आणि समुद्रसपाटीला. आपल्या चढाईत फेऱ्या किती होत्या, हे आपण लिहिलेले नाही. स्थिर पिचचा प्रोपेलर दूरच्या प्रवासासाठी कोरलेला असेल तर ७० नॉटांना त्या २४०० च्या आसपासच राहतात आणि उरलेली शक्ती इंजिन निर्माणच करत नाही. माहितीपत्रकातील विमानाला बहुधा चढाईचा प्रोपेलर असतो. प्रत्येक चढाईच्या मध्याला फेऱ्यांची नोंद करावी. त्याशिवाय दोन विमानांची तुलना करू नये.

वजनही पाहावे. एका चाचणी उड्डाणात पाच-सहा गॅलन इंधन जळते, म्हणजे ३० ते ३६ पौंड. आपल्यासारख्या तुटपुंज्या शिलकीच्या विमानात वजन एक टक्का घटले की चढाई दोन टक्क्यांहून थोडी अधिक वाढते. वेग ६० पासून चढत्या क्रमाने घेतले, तर शेवटच्या, म्हणजे मोठ्या वेगांना हलक्या विमानाचा लाभ मिळतो आणि व्हीवाय खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. क्रम उलटसुलट ठेवावा आणि पहिला वेग शेवटी पुन्हा एकदा घ्यावा.

चाचणीवही यांचे उत्तर

व्हीएक्सविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे.

व्हीवाय म्हणजे वक्ररेषेचे शिखर. ते दर्शक वेगावर आखले तरी चालते, कारण उडवतानाही आपण तोच काटा पाहणार आहात. व्हीएक्स मात्र आलेखाच्या शून्य बिंदूतून वक्ररेषेला काढलेली स्पर्शरेषा जिथे टेकते तिथे मिळतो आणि त्यासाठी आडवा अक्ष खऱ्या वेगाचा हवा. स्टॅटिक पोर्टची (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्राची) चूक कमी वेगाला वाढते, त्यामुळे आधी जीपीएसवर वेगवेगळ्या दिशांनी उडून वेगदर्शकाची चूक मोजून घ्यावी.

कृपया कमी वेगाच्या चढाया घाईने करू नयेत. नाक उंच असते, इंजिनाला थंड करणारी हवा कमी मिळते, सिलिंडरच्या टोप्या झपाट्याने तापतात. दोन चढायांमध्ये त्यांना निवू द्यावे. आणि व्हीएक्स लॉगबुकात लिहिण्यापूर्वी एक गोष्ट भरपूर उंचीवर करून पाहावीच. त्या वेगाने पूर्ण शक्तीत चढत असताना थ्रॉटल बंद करावे, मनात दोन सेकंद मोजावेत, कारण खऱ्या बिघाडात माणसाला उमगायला तेवढा वेळ लागतोच, आणि मग नाक खाली घालून उतरणीचा वेग परत मिळेपर्यंत किती फूट गेले ते लिहून ठेवावे. माझ्या विमानात ते फूट पाहिल्यावर, अडथळा नसेल तिथे व्हीएक्स वापरायचा नाही, असे मी ठरवले.

ओझरकर यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. त्या दिवशीचे फोटो काढून पाहिले. धावपट्टीच्या टोकाशी विमानाचे नाक टिपलेल्या एका फोटोत मागे पर्वतावर एक लांबट, कडा रेखीव असलेला ढग स्पष्ट दिसतो. मी तो फोटो ढग सुंदर दिसतो म्हणूनच काढला होता.

दहा दिवस थांबलो. उच्च दाबाचे क्षेत्र आले, पर्वतावरचा वारा आठ नॉटांच्या खाली गेला, तेव्हा सूर्योदयानंतर लगेच निघालो. आधी पाच मिनिटांची सपाट उड्डाणाची कसोटी घेतली. वेग एका नॉटापेक्षा जास्त हलला नाही. मग वेगांचा क्रम उलटसुलट ठेवून चढाया केल्या. दोन्ही दिशांची सरासरी, दाबाच्या फुटांत: ६० नॉटांना ४५५, ६५ ला ४९८, ७० ला ५२२, ७५ ला ५१९, ८० ला ४८६, ८५ ला ४३०. उत्तर व दक्षिण यांतला सर्वांत मोठा फरक २५ फूट निघाला. ६० नॉटांची चढाई शेवटी पुन्हा केली तेव्हा ४७९ आले, आणि तोवर ३० पौंड इंधन जळले होते, म्हणजे पाना_पेचकस यांच्या हिशेबाप्रमाणेच.

७० नॉटांना फेऱ्या २४१० होत्या. वक्ररेषेवरून व्हीवाय ७२ नॉट येतो. वेगदर्शकाची चूक मोजलेली नसल्यामुळे ६३ नॉट हा व्हीएक्सचा आकडा अजून पेन्सिलीनेच लिहून ठेवला आहे. पुढच्या उड्डाणात जीपीएसवर वेगदर्शकाची चूक मोजणे आणि थ्रॉटल बंद करून पाहण्याची चाचणी आहे. त्यासाठी ९००० फुटांच्या खाली उतरायचे नाही असे ठरवले आहे. उतरणीत गेलेले फूट इथे कळवीन.