दहावीचं बीजगणित: 'एका समीकरणाच्या अनंत उकली' मुलीला कशा समजवायच्या? सल्ला हवा

तुरीची_शेंग
नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. गणित भाग १ चं पहिलंच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. दोन समीकरणं समोर ठेवली की एका चलाचा लोप करून धाडधाड सोडवते, उत्तरही बरोबर येतं. परवा पोळ्या लाटता लाटता सहज म्हटलं, २क्ष + य = १० ची एक उकल सांग. तर म्हणे, "आई, दुसरं समीकरण लिहायचं राहिलं तुझं." म्हटलं एवढंच आहे. "मग सुटणारच नाही."

एका समीकरणाच्या अनंत उकली असतात हे वाक्य तिला पाठ आहे. पण म्हणजे काय विचारलं तर "काहीही टाकलं तरी चालतं"! नववीत क्लास लावला होता, तिथे पायऱ्या घोटून घेतल्या, बाकी काही नाही. पुन्हा क्लास नको वाटतोय. घरी काय करता येईल? पुस्तक, ॲप, युक्ती, काहीही सुचवा.

(मोबाईलवर सारखा कळफलक बदलायचा कंटाळा, म्हणून आपले जुने क्ष आणि य.)

मार्कांपुरता
ताई, उगाच खोलात शिरू नका. ४० गुणांचा पेपर, दोन तास. क्रेमरची पद्धत पाठ करून घ्या: तीन निश्चयक (सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी), दोन भागाकार, उत्तर तयार. अनंत उकलींचं तत्त्वज्ञान अकरावीत बघेल.

पाटीवरचा_खडू
३१ वर्षं हा विषय शिकवला, म्हणून जरा लांबण लावतो.

मुलीची चूक नाही हो. नववीत समीकरणं शिकली भाग १ च्या वहीत आणि आलेख काढला भाग २ च्या वहीत, निर्देशक भूमितीत. एका वहीत क्ष आणि य म्हणजे पकडायचे चोर, दुसऱ्या वहीत तेच दोन अक्ष. दोन्ही एकच भानगड आहे हे कोणी सांगितलं नाही तर पोरीला कसं कळणार? तिच्या डोक्यात 'उकल' म्हणजे शेवटच्या ओळीत चौकट करून लिहायचं उत्तर. खरं तर समीकरण ही एक अट आहे, आणि त्या अटीत बसणारी जोडी ती उकल.

तेव्हा काही दिवस सोडवणं बंद. घरातला गल्ला काढा. दहाची आणि पाचची नाणी मिळून ५० रुपये करायचे आहेत, किती प्रकारे होतील? दहाची क्ष, पाचची य, म्हणजे १०क्ष + ५य = ५०. पाचाने भागलं की तुमचंच २क्ष + य = १०. तिला नाणी मांडू द्या. (५, ०), (४, २), (३, ४), (२, ६), (१, ८), (०, १०). सहा जोड्या, सहाही उकली, आणि दुसरं समीकरण कुठेच लागलं नाही.

आता मुद्दाम (३, ३) मांडायला सांगा. ४५ रुपये होतात. बसत नाही. 'काहीही टाकलं तरी चालतं' तिथेच गळून पडेल. एका चलाला हवी ती किंमत द्या, पण मग दुसऱ्याला स्वातंत्र्य उरत नाही, त्याची किंमत पहिल्यानं ठरवून टाकलेली असते. हे वाक्य तिच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नव्हे.

मग आलेख कागदावर सहा बिंदू. पट्टी लावायची घाई करू देऊ नका, नुसतं बघू द्या. नंतर विचारा, (२.५, ५) बसतो का? समीकरणात बसतो, गल्ल्यात बसत नाही, कारण अडीच नाणी नसतात. आणि (६, –२)? तोही रेषेवर आहे. 'अनंत' कुठून आले ते इथे दिसतं: नाण्यांचे ठिपके सहाच, पण रेषेवरचा प्रत्येक बिंदू उकल आहे.

दुसरं समीकरण सगळ्यात शेवटी. 'एकूण नाणी ८ आहेत', म्हणजे क्ष + य = ८. सहा जोड्यांतली कोणती टिकते? (२, ६). दोन रेषा तिथेच छेदतात.

मार्कांपुरता
सर, मान्य. पण परीक्षेत नाणी मांडायला देत नाहीत.

पाटीवरचा_खडू
नाही देत. पण २क्ष + य = १० आणि ४क्ष + २य = २० ही जोडी देतात. तुमचा छेदातला निश्चयक २×२ – १×४ म्हणजे शून्य. भागा आता शून्यानं! क्रेमरनं १७५० साली नियम छापला, तो चोख आहे, पण निश्चयक शून्य आला की 'एकमेव उकल नाही' एवढंच सांगून तो गप्प बसतो. एकही नाही की अनंत आहेत, हे बघायला रेषांकडेच यावं लागतं.

तिरपी_रेघ
सरांना +१. मी माझ्या भाच्याला साक्षीदार करून शिकवलं होतं. प्रत्येक समीकरण म्हणजे एक साक्षीदार. पहिला म्हणतो गल्ल्यात ५० रुपये, दुसरा म्हणतो त्याच गल्ल्यात ६०. म्हणजे २क्ष + य = १० आणि २क्ष + य = १२. वजाबाकी केली की ० = २. साक्षी एकमेकांना खोटं पाडतात, रेषा समांतर. आणि ० = ० आलं तर? एकच साक्षीदार शर्ट बदलून दुसऱ्यांदा आला. नवीन माहिती शून्य, रेषा एकावर एक. भाचा आधी ० = ० आलं की 'चुकलं' म्हणून पान फाडायचा.

शर्ट बदललेल्या साक्षीदाराचं एक कोडं द्या तिला: एका दोन अंकी संख्येतून तिचे अंक उलट करून मिळणारी संख्या वजा केली तर २७ उरतात. दशकस्थानचा अंक एककस्थानच्या अंकापेक्षा ३ ने मोठा आहे. संख्या कोणती?

गोदाकाठ
८५?

तिरपी_रेघ
गोदाकाठ, ५२ का नको? :) ३०, ४१, ५२, ६३, ७४, ८५, ९६ सगळे बसतात. ९(क्ष – य) = २७ म्हणजेच क्ष – य = ३. वाक्यं दोन, अट एकच. ८५ हवा असेल तर खरी दुसरी अट द्यावी लागते, उदाहरणार्थ 'संख्या आणि उलट संख्या यांची बेरीज १४३'.

गोदाकाठ
हात टेकले. बी.ई. झालोय हे कोणाला सांगू नका.

आलेखवेडी
ॲप विचारलंत म्हणून: जिओजेब्रा. फुकट आहे, मोबाईलवर चालतं. तुमचं २क्ष + य = १० इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि १० च्या जागी सरकपट्टी (स्लायडर) लावायची. पट्टी सरकवली की रेषा स्वतःला समांतर सरकते. २ च्या जागी लावली तर रेषा कलते, पण (०, १०) वरचा तिचा पाय हलत नाही. का हलत नाही, हे तिला शोधू द्या. फक्त आधी हातानं दोन-तीन आलेख काढून झालेले असू देत, नाहीतर तो नुसता खेळ होतो. हातानं काढताना तीन बिंदू घ्या. रेषेला दोन पुरतात, पण तिसरा चाडी करतो: रांगेत आला नाही तर कुठेतरी चिन्ह चुकलंय. आणि (०, ५) क्ष-अक्षावर टाकायची चूक बघाच, निम्मी मुलं करतात.

पुस्तक वेगळं नको. नववीचं पाचवं प्रकरण पुन्हा काढा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते.

चाळीसगावकर
थोडं अवांतर. आमच्या चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, म्हणून ही फुशारकी मारायचा हक्क आहे. भास्कराचार्य अव्यक्तांना, म्हणजे आपल्या क्ष-य ना, नावं देत: पहिलं यावत्तावत्, मग रंगांची, कालक, नीलक, पीतक. त्यांच्या बीजगणितातलं एक उदाहरण लेकीला द्या. एक जण म्हणतो, मला १०० दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, मी तुझ्या सहापट होईन. दोघांकडे किती? आधी फक्त पहिल्याचंच बोलणं ऐकवा आणि बसणाऱ्या दोन-चार जोड्या काढायला सांगा. मग दुसऱ्याला बोलू द्या.

तुरीची_शेंग
सगळ्यांचे आभार! रविवारी गल्ला फोडला. सहा जोड्या पाच मिनिटांत. (३, ३) ला आधी हट्टानं म्हणाली "चालेल", मग मोजून गप्प. भास्कराचार्यांचे ४० आणि १७० काढले, आणि २७ च्या कोड्यात बाबाला अडकवून आली.

पण आता तिनेच प्रश्न काढलाय. दहाची आणि पाचची नाणी घेऊन ५२ रुपये करायचे. १०क्ष + ५य = ५२ ची रेषा तिनं काढली, छान सरळ आली. "पण आई, ह्या रेषेवर एकसुद्धा नाण्याचा ठिपका नाही. मग हिला उकल आहे की नाही?" काय सांगू?

पाटीवरचा_खडू
शाब्बास! उकली आहेत, अनंत आहेत, पण पूर्णांकांत एकही नाही. दहा आणि पाच दोघांनाही पाचाने भाग जातो, म्हणून डावीकडे नेहमी पाचाच्या पटीतच रक्कम येणार, आणि ५२ त्या पाढ्यात नाही. पूर्णांकी उकली शोधायच्या ह्याच प्रश्नाला आपल्याकडे कुट्टक म्हणत. आर्यभटानं ४९९ साली रीत दिली, चाळीसगावकरांच्या भास्कराचार्यांनीही दिली. आता तिला दहाची आणि चारची नोट कल्पून ५२ करायला सांगा. चारची नोट कोणी बघितली म्हणेल, म्हणू द्या.

तुरीची_शेंग
सांगितलं. (२, ८) आणि (४, ३) मिळाले. पहिली जोडी मिळाल्यावर थांबली नाही, आपणहून दुसरी शोधली. आता म्हणते, ५२ ला दोन रुपयांची नाणीही घेऊ या की, "पण मग तिसरं चल येईल, आणि तो आलेख कुठल्या कागदावर काढायचा?"