विषय: जूनची पायी सहल आणि ओकवरची जाळी

नमस्कार मंडळी,
जूनच्या सहलीचा रस्ता लंडनजवळच्या सरे परगण्यातल्या एका कॉमनवरून, म्हणजे लोकांना फिरायला खुल्या माळरानावरून जातो. वाटेत ओकच्या बुंध्यांवर पांढरी जाळी दिसतात, असं दोन कुटुंबांनी कळवलंय. बरोबर मुलं आणि तीन कुत्री असतील. आदल्या दिवशी दोघांनी जाऊन काठीने जाळी पाडून टाकावीत का?
— सहल समिती

ताई, काठी अजिबात लावू नका. जाळं फाटलं की त्यातलं सगळं वाटेवरच सांडेल.

वर्णनावरून हे ओक प्रोसेशनरी मॉथचे सुरवंट वाटतात. हा पतंग २००५ च्या सुमारास युरोपातून आणलेल्या ओकच्या झाडांबरोबर पश्चिम लंडनमध्ये आला आणि आता लंडनभोवतीच्या परगण्यांतही ठाण मांडून बसलाय. सुरवंटाचं डोकं काळं, अंगावर लांब पांढरे केस. दिंडीसारखे एकामागोमाग एक खोडावर चढतात. त्रास मात्र त्या लांब केसांचा नाही. पाठीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक काटे हजारोंनी असतात, ते वाऱ्यानेही उडतात. खाजकुइली लागलेल्याला वेगळं सांगायला नको: पुरळ, लाल डोळे, घसा खवखवणं, दमेकऱ्याला धाप. सुरवंट निघून गेले तरी काटे जाळ्यात उरतात. म्हणून खाली पडलेलं तपकिरी, मळकट जाळं जास्त वाईट. पोरांचा हात आणि कुत्र्याचं नाक तिथेच पोचतं.

आधी झाड ओकच आहे ना ते पाहा. कुंपणाच्या झुडपात किंवा पानं गुंडाळून केलेलं जाळं बहुधा दुसऱ्याच पतंगाचं. याचं जाळं खोडाला किंवा जाड फांदीला चिकटलेलं, फुगीर, थेंबासारखं असतं.

लांबूनच झूम करून फोटो काढा, ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचा आकडा) घ्या आणि फॉरेस्ट्री कमिशन या सरकारी वनखात्याच्या ट्रीअलर्ट नावाच्या ऑनलाइन फॉर्मवर नोंदवा. फुटपाथ, म्हणजे शेतारानातून जाणारी सार्वजनिक पायवाट, सांभाळायची कौन्सिलने (स्थानिक प्रशासनाने), पण झाड जमीनमालकाचं. दोघांनाही कळवा, नाहीतर मेल इकडून तिकडे फिरत राहते. फवारणी कोवळ्या सुरवंटांवर, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच चालते. त्यानंतर जाळी काढायची ती संरक्षक पोशाख आणि व्हॅक्यूम असलेल्या प्रशिक्षित माणसांनीच. सहलीपर्यंत झाडं साफ होतील असं धरून चालू नका.

— झाडांच्या निगेचं काम करणारा एक सभासद

दादा, आभार. मग वाट बदलायची का? आणि फुटपाथवर कुत्र्याला पट्टा लागत नाही ना?
— सहल समिती

ताई, पायी फिरणाऱ्यांसाठीचा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर नकाशा उघडा. पिवळसर भाग म्हणजे ॲक्सेस लँड, लोकांना पायी फिरायला खुली जमीन. तिथे पायी कुठूनही जाता येतं, म्हणून त्या ओकांना लांबून वळसा घाला, वारा जिकडून येतो त्या बाजूने. खाजगी शेतातून जाणाऱ्या हिरव्या तुटक रेषेच्या फुटपाथवर ही मुभा नाही. हक्क त्या रेषेपुरताच. तिथे ओक वाटेवरच झुकलेले असतील तर तो टप्पाच वगळा. जेवायला ओकखाली बसू नका.

फुटपाथवर पट्ट्याची सर्वसाधारण सक्ती नाही, पण कुत्रं ताब्यात हवं. ॲक्सेस लँडवर मात्र १ मार्च ते ३१ जुलै पट्टा लागतोच, तोही २ मीटरपेक्षा लांब नको. काही कॉमनना त्यांचे वेगळे नियम आहेत, म्हणून शिरतानाची पाटी वाचा. सुरवंट हुंगल्यावर कुत्रं लाळ गाळू लागलं, तोंडावर पंजे मारू लागलं, जीभ सुजली, तर थेट व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे).

मुलांना पूर्ण बाह्या. काटे लागलेच तर चोळू नका, खाजवू नका. चिकटपट्टी हलकेच लावून उचला, मग वाहत्या पाण्याने धुवा. कपडे बदला, वेगळ्या पिशवीत बांधा आणि सोसतील तितक्या गरम पाण्यात धुवा. पुरळासाठी फार्मासिस्ट किंवा १११ (आरोग्य सल्ल्याचा फोन), श्वास अडकला तर ९९९ (तातडीची मदत). पिण्याच्या पाण्याखेरीज फक्त धुण्यासाठी दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या आणि चिकटपट्टीचा एक रोल पुढच्या माणसाच्या सॅकमध्ये टाका. एक संच मागच्या माणसाकडेही असू द्या.