आयेल्ट्स स्पीकिंग: 'तुम्ही कुणाला तरी दिलेला सल्ला' हे कार्ड आलं तर? (अनुभव धागा)

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बोलण्याच्या चाचणीत (स्पीकिंग) विषय लिहिलेलं एक कार्ड मिळतं आणि त्यावर बोलायचं असतं. सल्ल्याचं कार्ड सोपं वाटतं आणि म्हणूनच त्यावर बरेच जण अर्ध्या मिनिटात गप्प होतात. शिकवणाऱ्यांनी, तयारी करून घेणाऱ्यांनी, नुकतीच परीक्षा दिलेल्यांनी लिहा. 'आत्मविश्वास बाळगा' छापाचं नको. कुठे अडतं, का अडतं आणि त्यावर काय करायचं, एवढंच हवं. पाठ करण्याजोगी आयती उत्तरं कृपया टाकू नका. पाठांतर परीक्षकाला लगेच कळतं.

——

कार्ड येतं ते चाचणीच्या दुसऱ्या भागात. तिथे तयारीला एक मिनिट, हातात कागद-पेन्सिल आणि मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. कार्डावर साधारण चार गोष्टी विचारलेल्या असतात: कुणाला, कोणता सल्ला, का दिला, पुढे काय झालं किंवा तुम्हाला काय वाटलं.

घोळ होतो तो सल्ला निवडताना. 'मित्राला अभ्यास कर म्हणालो, त्याने केला, तो पास झाला.' विषय संपला! मोघम सल्ल्याबद्दल बोलायला काही नसतंच. सल्ला लहान आणि डोळ्यांसमोर दिसेल असा घ्या. समजा, चुलतभाऊ रात्री दोनपर्यंत फोन बघतो, त्याला सांगितलं की चार्जर खोलीबाहेर ठेव. आता बोलायला किती निघतं बघा: आधी काय चाललं होतं, फोनच काढून घे असं का नाही सांगितलं, तो 'मग गजर कसा लावू' म्हणून अडून बसला, शेवटी साधं घड्याळ घेतलं, तीन आठवड्यांनी काय फरक पडला.

कागदावर एवढंच: भाऊ, रात्री 2, चार्जर, गजर, नकार, घड्याळ, 3 आठवडे. सात टिपणं, तीही इंग्रजीतच, म्हणजे बोलताना मनात भाषांतर करत बसावं लागत नाही. पूर्ण वाक्यं लिहिणाऱ्यांची मिनिटभरात जेमतेम दोन होतात, आणि मग मान खाली घालून तीच वाचली जातात.

प्रसंग खरा असलाच पाहिजे असं नाही, गुण भाषेला आहेत. पण खरा असला की तपशील आठवायला कष्ट पडत नाहीत.

——

वरच्या प्रतिसादाला वेळेची जोड देतो. सावकाश, स्पष्ट बोलणाऱ्याला दोन मिनिटांना सुमारे 220 ते 250 शब्द लागतात. माणसाची ओळख 15 सेकंदांत उरका. सल्ला सांगायलाही 20 सेकंद पुरतात. उरलेला सगळा वेळ 'का' आणि 'पुढे काय' यांना द्या. बहुतेक जण नेमकं उलट करतात, मित्राचं नाव-गाव-शाळा यातच मिनिट घालवतात.

दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतो. तो नियम आहे, नाराजी नव्हे. त्यानंतर एखाद-दुसरा छोटा प्रश्न येतो, त्याला एक-दोन वाक्यं बस.

——

व्याकरणाबद्दल लिहिते, कारण या कार्डावर मराठी माणसाच्या ठरावीक चुका होतात.

'आय सजेस्टेड हिम टु गो' चूक. मराठीत आपण 'त्याला सुचवलं' म्हणतो, तेच इंग्रजीत उतरतं. बरोबर: 'आय सजेस्टेड दॅट ही गो' किंवा 'आय ॲडव्हाइझ्ड हिम टु गो'. 'ॲन ॲडव्हाइस', 'ॲडव्हाइसेस' दोन्ही चूक. 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' किंवा नुसतं 'सम ॲडव्हाइस' म्हणा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको.

सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक: 'आय टोल्ड हिम दॅट यू शुड स्लीप अर्ली'. 'मी म्हणालो की तू लवकर झोप' याची ही सावली. 'दॅट ही शुड स्लीप अर्ली' हवं.

वरच्या पायरीचं व्याकरण दाखवायला हे कार्ड फार चांगलं आहे. 'इफ ही हॅडन्ट मूव्ह्ड द चार्जर, ही वुड हॅव फेल्ड' असं एक वाक्य शेवटाकडे सहज बसतं. एकच पुरे, तीन घातली की ठिगळं दिसतात.

——

व्याकरणाचं पटलं, पण त्याच्या धास्तीने बोलणं अडखळू देऊ नका. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार या चौघांनाही सारखंच वजन आहे. चूक लक्षात आली तर एकदा सुधारा आणि पुढे चला. दर वाक्याला मागे वळलात तर ओघाचे गुण जातात.

उच्चारात दोन जागा सांभाळा. नाम 'ॲडव्हाइस', शेवटी स. क्रियापद 'ॲडव्हाइझ', शेवटी झ. दोन्हीकडे जोर शब्दाच्या दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे 'व्हाइस', 'व्हाइझ' यावर. आणि भूतकाळाचा शेवटचा ड किंवा ट गिळू नका: 'आस्क्ट', 'हेल्प्ट', 'ॲडव्हाइझ्ड'. तो गिळला की परीक्षकाला वर्तमानकाळच ऐकू येतो, म्हणजे उच्चार आणि व्याकरण दोन्हीकडे फटका. सरावाला फोनवर रेकॉर्डिंग करा आणि फक्त हे शेवट ऐका, बाकी काही तपासू नका. तासाभरात स्वतःचा कान तयार होतो.

——

कार्ड नीट वाचा! 'तुम्ही दिलेला', 'तुम्हाला मिळालेला' आणि 'चांगला सल्ला देणारी व्यक्ती' ही तीन वेगळी कार्डं आहेत. पहिल्या दोन्हींत भूतकाळ चालतो, तिसऱ्यात बहुतांश वर्तमानकाळ लागतो. कार्ड बदलून मिळत नाही.

——

तिसऱ्या भागाबद्दल कुणीच लिहिलं नाही. चार ते पाच मिनिटं असतात आणि खरी परीक्षा तिथे होते. प्रश्न साधारण असे: तरुण मंडळी वडीलधाऱ्यांचं का ऐकत नाहीत? सल्ला घरच्यांचा घ्यावा की तज्ज्ञाचा? इंटरनेटवरच्या सल्ल्यावर कितपत विसंबावं?

इथे पुन्हा चुलतभावाकडे वळू नका, एकूण माणसांबद्दल बोला. 'इट डिपेंड्स' म्हणून थांबणं ही नेहमीची चूक. कशावर अवलंबून आहे ते लगेच सांगा: पैशाचा किंवा आजाराचा प्रश्न असेल तर तज्ज्ञ, कारण चूक महागात पडते, नात्यातला पेच असेल तर घरचे, कारण त्यांना स्वभाव माहीत असतो. मत, कारण, एक उदाहरण, आणि जमलं तर उलट बाजू, अशी चार-पाच वाक्यं पुरतात. 'ऑल यंग पीपल'ऐवजी 'यंग पीपल टेंड टु' म्हणा. सरसकट विधान केलंत तर परीक्षक लगेच 'सगळेच का?' विचारू शकतो.

प्रश्न कळला नाही तर 'कुड यू रीफ्रेज दॅट, प्लीज?' खुशाल विचारा. या भागात परीक्षक प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडू शकतो. अंदाजाने भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.