सल्ला हवा: नगरपालिकेच्या फायबरसाठी लोकांची गरज मोजायची कशी?

माळरान:
मंडळी, कोलोरॅडोतल्या आमच्या छोट्या शहराच्या ब्रॉडबँड समितीवर माझी वर्णी लागली आहे (मानधन शून्य, बैठकीला पिझ्झा). २००५ चा राज्याचा कायदा २०२३ मध्ये मोडीत निघाला, त्यामुळे नगरपालिकेने स्वतःचं फायबर इंटरनेट पुरवण्याआधी मतदान घ्यायची सक्ती उरलेली नाही आणि नगरपालिकेला हुरूप आलाय. पण त्याआधी लोकांची खरी गरज किती, याचा अहवाल द्यायचा आहे. समितीतले काही जण म्हणतात, वेबसाइटवर सर्व्हे टाकू, दोन आठवडे ठेवू, झालं काम. मला हे पटत नाहीये. कोणी असल्या कामात होतं का?

लाँगमाँटवाली:
आमच्याकडे लाँगमाँटला (हेही कोलोरॅडोतलंच) शहराच्या नेटचा प्रस्ताव २००९ च्या मतदानात पडला, २०११ ला पास झाला, २०१३ ला बाँडलाही (म्हणजे त्यासाठीच्या कर्जरोख्यांना) लोकांनी हो म्हटलं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जोडणी घेणाऱ्यांना १ गिगाबिट वेगाचं नेट महिन्याला ४९.९५ डॉलरला मिळालं, त्यावर उड्या पडल्या. पण इथे वीज कंपनी शहराची, खांब शहराचे, आणि फायबरची रिंग नव्वदच्या दशकापासून जमिनीत होती. तुमच्याकडे वीज कोणाची?

माळरान:
वीजही शहराचीच. खांब मात्र काही भागात दुसऱ्यांचे आहेत.

तारतम्य:
फायबर नेटवर्कचं नियोजन हाच माझा धंदा आहे, तेव्हा जरा लांबण लावतो.

वेबसाइटवरचा सर्व्हे कोण भरणार? ज्याच्याकडे नेट आहे तो, आणि त्यातही ज्याचं सध्याच्या कंपनीशी वाजलंय तो. कागदी फॉर्म विजेच्या बिलाबरोबर पाठवा, स्पॅनिशमध्येही. जिथे बिल घरमालक भरतो तिथल्या भाडेकरूपर्यंत तो पोचणार नाही, म्हणून पत्त्यांच्या यादीतून रँडम निवडलेल्या घरांना पोस्टानेही पाठवा. लायब्ररी आणि शाळांकडून हॉटस्पॉट (नेट देणारी छोटी फिरती यंत्रं) कुठल्या भागात उसने जातात ते विचारा (नावं नकोत, नुसता भाग पुरे).

‘वेगवान इंटरनेट हवं का?’ हा प्रश्न यादीत असेल तर आजच काढा. नको कोण म्हणेल? त्यापेक्षा शेवटचं बिल समोर ठेवायला सांगा: महिन्याला किती, मॉडेमचं भाडं वेगळं का, सवलतीची मुदत संपल्यावर किती वाढलं. मग भाव विचारा, पण एका फॉर्मवर एकच आकडा. काहींवर महिन्याला ५० डॉलर, काहींवर ७०, काहींवर ९०. तिन्ही आकडे एकालाच दाखवलेत तर तो मंडईत उभा राहिल्यासारखा घासाघीस करणार. आणि ‘बहुधा घेईन’ वाल्यांना ‘घेईन’ मध्ये धरू नका. सगळा टेक रेट, म्हणजे ज्यांच्या दारावरून केबल जाते त्यातली किती घरं पैसे भरतात, तिथेच फुगतो.

आणखी एक. कमी उत्पन्नाच्या घरांना नेटच्या बिलावर मिळणारी केंद्राची महिन्याला ३० डॉलरची सवलत २०२४ मध्ये निधी संपून बंद पडली. त्यानंतर कोणी कनेक्शन तोडलं, कोणी स्वस्त प्लॅन घेतला, हे नक्की विचारा.

वेग मोजायला सांगाल तेव्हा वायफायवर नको, लॅपटॉपला केबल लावून, रात्री आठ-नऊच्या सुमारास. अपलोड वेगळा लिहून घ्या. केबल कंपनीचा डाउनलोड ५०० एमबीपीएस दिसतो आणि अपलोड २० वर रडत असतो. भारतात आईला व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा चौकोन-चौकोन दिसतो तो पुष्कळदा त्याच पायी.

उलटतपासणी:
विरजण घालतो. यूटामधल्या प्रोव्होने सुमारे ३.९ कोटी डॉलरचे बाँड काढून नेटवर्क उभारलं आणि २०१३ मध्ये ते गूगलला एका डॉलरला दिलं. बाँडचे हप्ते मात्र गावकऱ्यांच्याच गळ्यात पडले. तेव्हा सर्व्हेत ‘किती लोक खूश’ यापेक्षा ‘किती ग्राहक मिळाले नाहीत तर बुडू’ हा आकडा आधी काढा.

तारतम्य:
शंभर टक्के सहमत. तो आकडा आधी काढा आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर छापा.

माळरान:
एक अडचण. एफसीसीच्या (केंद्राच्या दूरसंचार आयोगाच्या) नकाशात आमचं जवळजवळ सगळं गाव ‘सेवा उपलब्ध’ दिसतं. नगरसेवक तोच दाखवून म्हणतात, मग गरज कुठे आहे?

तारतम्य:
तो नकाशा कंपन्यांनी भरलेल्या माहितीवर बनतो. दहा कामाच्या दिवसांत जोडणी देऊ शकतो असं कंपनीने सांगितलं की तो पत्ता रंगतो. परवडतं का, संध्याकाळी वेग टिकतो का, हे त्यात येत नाही. २०२४ पासून ब्रॉडबँडची व्याख्या १००/२० (डाउनलोड १००, अपलोड २० एमबीपीएस) झाली आहे, तुमचे मोजलेले आकडे तिच्या शेजारी ठेवा. एखाद्या पत्त्याची नोंद चुकीची असेल तर त्यावर हरकत घेता येते, अगदी रहिवाशालासुद्धा.

लाँगमाँटवाली:
अपार्टमेंटचं काय करणार? तिथे नेट बरेचदा भाड्यातच धरलेलं असतं.

तारतम्य:
चांगली आठवण केलीत. फॉर्मवर तो प्रश्न घालाच. अशी घरं टेक रेटच्या हिशोबात मिसळू नका, त्यांचा तक्ता वेगळा. तिथे ग्राहक भाडेकरू नसतो, इमारतीचा मालक असतो, त्याचा सध्याच्या कंपनीशी करार कधी संपतोय ते विचारून घ्या. आतल्या वायरिंगची मालकी कोणाची तेही.