12345678987654321 मूळ संख्या आहे का?

चाळीसगाव_जिनिंग: कापसाच्या पावत्या एक्सेलमध्ये चढवता चढवता गंमत म्हणून हा आकडा टाकला, तर शेवटचे 21 जाऊन 00 आले. आकडा दोन्हीकडून सारखा वाचता येतो. मूळ असेल का?

अमळनेर_निवृत्त_मास्तर: नाही भाऊ. अंकांची बेरीज 81, म्हणजे 9 ने भाग जाणारच. आता उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि बेरीज करा: 321+654+987+678+345+12 = 2997. ही 37 च्या पाढ्यात बसते, कारण 37×81. म्हणून 37 नेही भाग जातो! (999 = 27×37 आहे ना, त्यामुळे ही युक्ती चालते. वर्गात मुलांना भारी आवडायची.) आणि खरी गोम अशी, की हा 111111111 चा वर्ग आहे. अवयव 3⁴ × 37² × 333667², विभाजक एकूण 45. वर्ग म्हटल्यावर विभाजकांची संख्या विषमच.

धुळे_कोडर: एक्सेल 15 च अंक धरतं, तुमचे 17. आधी सेल टेक्स्ट करा.

चाळीसगाव_जिनिंग: मग दहा एकांचा वर्गही असाच सुंदर?

अमळनेर_निवृत्त_मास्तर: नाही हो, तिथं हातचा येतो आणि घोळ होतो: 1234567900987654321.